एकतिसावा दिवस

निस्तोरआबांसमोर पेन्शनीबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नव्हती. सरकारला शिव्या घाला, पावसानं दगा दिला म्हणून देवाला दोन शब्द ऐकवा, आबा मान डोलावतील. पण पेन्शन? "तिचं नाव घेताना डोक्यावरची टोपी काढावी," असं म्हणायचे, आणि स्वतः खरंच काढायचे. पोस्टमन यायच्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा सकाळीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून फाटकाबाहेरच्या बाकावर बसायचा. टोपी मांडीवर.

पलीकडच्या घरातली झोईत्सा त्यांच्याच वयाची, नवऱ्यामागे राहिलेली, आणि जिभेला हाड नसलेली. ती कुंपणावरून म्हणायची, "मुलगी बघायला निघाल्यासारखा नटतोस रे निस्तोर. पैसे तर तेवढेच मिळणार."

"तुला नाही कळायचं," आबा म्हणायचे. "माझी एक लेक मिलानला, एक लेक स्पेनला. ईस्टर आला की फोन करतात, 'बाबा, बरे आहात ना?' ही मात्र दर महिन्याला घरी येते, आणि रिकाम्या हातानं कधी येत नाही. मग हिला सासरहून आलेल्या लेकीसारखं घ्यायचं नाही तर कोणाला?"

आता ती लेक तशी किरकोळच हो. सहकारी शेतीत राबलेल्या शेतकऱ्याची पेन्शन ती. शहरात रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस तेवढ्या पैशाला हसला असता. पण मीठ, साखर, सरपण, विजेचं बिल आणि झोईत्साच्या भाषेत 'पोपला, म्हणजे गावच्या पाद्र्याला, विकत घेण्यापुरत्या मेणबत्त्या' एवढं त्यात भागत होतं. शिवाय थोडं बाजूला पडत होतं. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

तो उन्हाळा वाईट होता. २०१०चा. शाळेतल्या मास्तरांचा पगार चौथाईनं कापला, दवाखान्यातल्या नर्सचा कापला, आणि टीव्हीवर रोज कोणीतरी टाय लावलेला माणूस सांगायला लागला की आता म्हाताऱ्यांची पेन्शनही कापणार. दुकानदार आबांच्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "राग मानू नका आबा, पण तुम्ही शेतकऱ्यांनी त्या खात्यात दमडी तरी भरली होती का? फुकटचं किती दिवस चालणार?"

आबा भडकले नाहीत, हेच नवल. म्हणाले, "माझे दोन बैल होते. एक तांबडा, एक कपाळावर चांदणी असलेला. ते, गाडी, आणि ओढ्याकाठचं रान, सगळं एका दुपारी सरकारच्या हुकमानं सहकारी शेतीत गेलं. चांदण्या आठ दिवस संध्याकाळी सुटून घरी यायचा आणि मी त्याला पुन्हा नेऊन बांधायचो. ते भरणं नव्हे तर काय रे? मग जन्मभर माझ्याच रानात दुसऱ्याचा गडी म्हणून राबलो. पण ते जाऊ दे. मी हिशेब करून पेन्शन घेत नाही. देतात म्हणून हात जोडतो. ती नसते तेव्हा म्हातारपण कसं असतं, ते मी बघितलंय. तू नाही बघितलंस, आणि देव करो नि कधी बघू नये."

मग आबांनी दुकानदाराला आलुबुखाराच्या दारूचा घोट दिला, कारण त्याचाही धंदा बसला होता आणि तो काही वाईट माणूस नव्हता.

आबांनी काय बघितलं होतं? आपला आजा. स्तान नाव. स्तान आज्यानं हातपाय चालत होते तोवरच तिघा मुलांना जमीन वाटून दिली आणि बदल्यात ठरलं की मुलांनी त्याला पाळीपाळीनं सांभाळायचं, प्रत्येकानं तीस दिवस. आज्याकडे स्वतःचं म्हणून काय राहिलं, तर एक लाकडी चमचा. तीस दिवस संपले की संध्याकाळी तो चमचा धुवायचा, विजारीला पुसायचा, कमरेच्या पट्ट्यात खोचायचा आणि पुढच्या मुलाच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. जेवताना टेबलाच्या कडेला, खुर्चीच्या टोकावर बसायचा. भांड्यात दोनदा चमचा घातला की म्हणायचा, "झालं माझं." त्याचा चमचा सुनांच्या चमच्यांत कधी ठेवला गेला नाही.

आणि ज्या महिन्याला एकतीस दिवस, त्या महिन्याचं काय? सांगतो. करार तीस दिवसांचा. एकतिसावा दिवस कोणाचाच नव्हता. एक म्हणे माझे तीस झाले, दुसरा म्हणे माझे उद्यापासून. दुष्काळाची वर्षं होती, मुलं काही राक्षस नव्हती, घरात लेकरं होती. पण म्हणून त्या दिवशी पोट भरत नाही ना. एकतिसाव्या दिवशी स्तान आजा रस्त्याच्या वळणावरच्या विहिरीपाशी बाकावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आज माझा उपास आहे." तहान लागली की उठून बादली वर ओढायचा. गावात तेवढ्या एका ठिकाणी त्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

निस्तोरआबांनी ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. त्यांना तिची लाज वाटायची. आजा मेल्यावर तो चमचा मात्र त्यांनी जपून ठेवला. पहिली पेन्शन हातात पडली त्या दिवशी कपाटातून काढून त्याच्याकडे बघत बसले होते आणि रडले होते.

तर अशा त्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा मुलगा त्रायान स्पेनहून परत आला. लेकी दोन आणि मुलगा हा एकच, सोन्यासारख्या हाताचा गवंडी. तिकडची बांधकामं बंद पडली, मुकादम पळाला, आणि हा बायको मार्चेला, दोन पोरं आणि गाडीच्या टपावर बांधलेली गादी घेऊन बापाच्या दारात. आबांना आभाळ ठेंगणं झालं. घरात पुन्हा धूर निघायला लागला, मक्याची घट्ट उकड मोठ्या पातेल्यात शिजायला लागली, पोरांनी कोंबड्यांना नावं दिली.

पण पंधरवडा गेला आणि आबांच्या लक्षात यायला लागलं. त्रायान टेबलाच्या कडेला बसायचा. चीजला हात लावायचा नाही. साखरेचा डबा उघडायच्या आधी विचारायचा, "घेऊ का?" स्वतःच्या घरात! आणि एका रात्री जेवण झाल्यावर त्यानं आपला चमचा धुतला, फडक्यानं पुसला आणि चुलीजवळच्या मडक्यात, जिथे सगळ्यांचे चमचे असतात तिथे न टाकता, खिडकीत वेगळा ठेवून दिला.

तो कडेला बसलेला माणूस आबांनी आधी बघितला होता.

"खा रे पोटभर," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "पेन्शन काय माझ्या एकट्याच्या पोटाला येते?"

"चाळिशीचा घोडा झालोय बाबा," त्रायान म्हणाला. "म्हाताऱ्या बापाच्या पेन्शनीत तोंड घालू? आणि तीही कापणार म्हणतात. एकजण इटलीत टोमॅटो तोडायला बोलावतोय. पत्र्याच्या डब्यात झोपायचं, पण झोपायला मिळतं. बायकापोरं राहू देत इथे. महिनाअखेर निघतो."

"महिनाअखेर म्हणजे कधी?"

"जुलै संपला की."

कमवायला गेलेला माणूस परत येतो, पण खाल्ल्याची लाज वाटून गेलेला येत नाही, हे आबांना ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्या काकाचा मुलगा असाच गेला होता, अजून येतोय. मुलगा जाऊ नये म्हणून त्यांनी काय नाही केलं असतं. पण पैसे पुढे करावेत तर पोरगा आणखीनच खचेल. दोन दिवस म्हातारा कोंबड्यांवर खेकसत हिंडला.

मग त्यांना आपलं बाजूला पडलेलं आठवलं. आमच्या ओल्तेनिया प्रांतात शहाणा माणूस आपलं श्राद्ध जिवंतपणीच उरकून घेतो. मागे राहिलेले करतील न करतील, कोणी सांगावं? आपल्या हातानं जे दिलं तेच पलीकडे आपल्याला मिळतं, म्हणून माणूस टेबल देतो, खुर्ची देतो, ताट देतो, कोंबडी देतो, गावाला जेवू घालतो. घेणारा म्हणतो, "बोगदाप्रोस्ते," म्हणजे देव तुमच्या गेलेल्यांना क्षमा करो. याचे नियम कडक असतात आणि ते झोईत्साला पाठ होते. आबांनी आपल्या जिवंत श्राद्धासाठी पेन्शनीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवलं होतं. सगळ्यांत मोठं दान पाण्याचं. आणि वळणावरच्या विहिरीचा कठडा गेल्या थंडीत ढासळून आत पडला होता.

"श्राद्ध घालतोय," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "एकतीस जुलैला. शनिवार आहे. वळणावरची विहीर दुरुस्त करून दान देणार. उद्या खालच्या गावच्या गवंड्याला बोलावतो."

त्रायाननं मान वर केली. "गवंड्याला? मग मी कोण आहे?"

"तू मजुरी घेशील?"

"बापाकडून? वेड लागलंय का बाबा?"

"मग नको. फुकट बांधलीस तर विहीर तुझी झाली. घाम तुझा, पुण्य तुझं. मी पलीकडे तहानलेला बसू होय? आणि तू म्हाताऱ्याचं पाणी तोडून वर खुशाल राहशील?"

मार्चेला उत्तरेकडची, तिच्याकडे असलं काही नसतं. ती म्हणाली, "बाबा, मेलेल्या माणसाला तहान कशी लागेल?"

"तू भाकरी वाढ," आबा म्हणाले. "आणि झोईत्साला हाक मार."

झोईत्सा कुंपणापाशीच होती. ती नेहमी कुंपणापाशीच असते. तिनं कमरेवर हात ठेवून निकाल दिला. "म्हातारा बरोबर बोलतोय. ओढ्यापलीकडच्या आन्यूत्सानं जावयाकडून फुकटात साकव बांधून घेतला, आपल्या नावानं दान दिला. मेल्यावर लेकीच्या स्वप्नात आली. ओढ्याच्या अलीकडेच उभी, पाय ओले, आणि म्हणते कशी, 'अगं, माझ्याकडून टोल मागतायत.' पैसे मोजून दिल्याशिवाय दानाचं पुण्य लागत नाही. घे मुकाट्यानं मजुरी, बापाचे हाल करू नकोस."

आता यातलं आन्यूत्साचं स्वप्न खरं किती आणि झोईत्सानं तिथल्या तिथे शिजवलेलं किती, हे देवालाच ठाऊक. पण बापाला पलीकडे तहानलेला ठेवायची हिंमत आमच्या गावात कोणाला होणार? त्रायाननं दुसऱ्या दिवशी कुदळ उचलली.

त्यानं विहिरीत उतरून पडलेले दगड काढले. गाळ उपसला. जुन्या गोठ्याचे दगड घडवले. आबा शेजारी बाकावर बसून चुका काढत, म्हणजे काम कसं निर्दोष चाललंय ते बघत. त्याच बाकावर एका दुपारी त्यांनी मुलाला स्तान आज्याची, चमच्याची आणि एकतिसाव्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्रायान ऐकताना दगड घडवत होता. हातोडा मध्येच थांबला. मग पुन्हा चालू झाला.

पहिल्या शनिवारी आबांनी आठवड्याची मजुरी टेबलावर ठेवली. खालच्या गावच्या गवंड्याला दिली असती तेवढीच, एक पैसा कमी नाही, एक जास्त नाही. त्रायाननं नोटा उचलल्या. मान खाली घातली आणि पुटपुटला, "बोगदाप्रोस्ते."

आबांची मूठ टेबलावर आदळली. पातेलं उडालं.

"काय म्हणालास? तो शब्द दान घेणाऱ्याचा. मी तुला दान दिलंय? उन्हात पाठ भाजून घेतलीस ती कोणाची? मजुरी घेताना गवंडी काय म्हणतो?"

त्रायाननं हातातल्या नोटांकडे बघितलं.

"बोल. बारा वर्षं परदेशात काम केलंस. काय म्हणतो गवंडी?"

"म्हणतो..." त्रायानच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हणतो, कमी आहेत."

"मग म्हण."

"कमी आहेत, बाबा."

"काम बघून बोल. डावीकडचा दगड रांगेबाहेर सुटलाय. पुढच्या आठवड्यात बघू," आबा म्हणाले, आणि उकडीचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. त्रायाननं मोठा तुकडा कापून घेतला. चीज घेतलं. अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाला, "यात मीठ कमी आहे." आबांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मुलगा जेवणाला नावं ठेवत होता, म्हणजे घरचा झाला होता.

त्याच सुमारास टीव्हीवर सांगितलं की पेन्शन कापायची नाही असा न्यायालयाचा निकाल लागला. आबा उठून उभे राहिले, टोपी काढली, आणि टीव्हीतल्या बाईलाच म्हणाले, "देव तुझं भलं करो पोरी." झोईत्सानं हे गावभर केलं. आबांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली, ती न्यायाधीशांसाठी, पोस्टमनसाठी आणि चांदण्या बैलासाठी. शेवटच्या नावाला पोप कुरकुरला, पण मेणबत्तीचे पैसे घेतले होते.

एकतीस जुलैचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवसापासून ऑगस्टचा उपास लागणार, दोन आठवडे मांस-दूध बंद, म्हणून सगळ्यांना जेवायची घाई. रस्त्याकडेनं टेबलं मांडली होती. कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे गोळे, कोंबडीचं सूप, साखर-अक्रोड घालून शिजवलेला गहू. प्रत्येक पाहुण्याला ताट, पेला, नवा लाकडी चमचा आणि पेटलेली मेणबत्ती. जेवून झालं की ते घेऊन घरी जायचं. विहीर मधोमध, पांढऱ्या कठड्याची, वर छोटं छप्पर, आणि आबांचं नाव दगडात कोरलेलं. पोपनं पाणी शिंपडलं. आबा आपल्याच श्राद्धात नवरदेवासारखे मिरवत होते आणि ज्याला त्याला विचारत होते, "पाणी कसं आहे?"

विहिरीजवळच्या जुन्या बाकावर मात्र त्यांनी एक जागा वेगळी मांडली होती. ताट, भाकरी, वाटीभर सूप, मेणबत्ती. आणि पाहुण्यांसारखा नवा चमचा नाही, तर काळा पडलेला, कडेला झिजलेला जुना.

"हे कोणाचं?" झोईत्सानं विचारलं.

"स्तान आज्याचं. त्याच्या नावानं देणार. त्याच्या जागी बसून कोणीतरी पोटभर खायला हवं. तुझा भाऊ बसेल का?"

झोईत्सा भावाला हाक मारणार तोच त्रायान पुढे झाला. हात पुसत, सदऱ्याला चुना लागलेला.

"मला द्या," तो म्हणाला.

"तुला कसं देता येईल?" आबा म्हणाले. "घरच्याला दिलेलं दान लागत नाही. विचार हिला."

त्रायान टेबलांच्या आतल्या बाजूला, घरच्यांत उभा होता. तो बाहेर आला, टेबलांना वळसा घालून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "आता मी वाटसरू आहे," तो म्हणाला. "भूक लागली आहे आणि आज एकतीस तारीख आहे."

सगळं टेबल झोईत्साकडे बघायला लागलं. म्हातारीनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावल्यासारखं केलं, नाक ओढलं आणि म्हणाली, "रस्त्यावर उभा आहे ना? मग लागतं."

त्रायान बाकावर बसला. टोकावर नाही, ऐसपैस. त्या जुन्या चमच्यानं त्यानं सूप संपवलं आणि वाटी पुढे केली. मार्चेलानं पुन्हा भरली. तीही संपवली. गोळे मागून घेतले, भाकरीनं ताट पुसून खाल्लं. अजिबात घाई केली नाही. आबा समोर उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. इतकी वर्षं त्यांच्या मनातला तो म्हातारा बाकावर उपाशी बसला होता. आज त्याचं जेवण झालं.

त्रायान उठला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "बोगदाप्रोस्ते, स्तान आजा."

मग बापाकडे वळला. "सोमवारी खालच्या गावात जातोय. तिथल्या पोपनं विहीर बघितली. त्याला दोन बांधून हव्यात. मजुरी कमी देतो म्हणतोय."

"नेहमीच कमी असते," आबा म्हणाले.

इटलीचं नाव कोणी काढलं नाही. संध्याकाळी मार्चेलानं भांडी घासली. दानात मिळालेली वस्तू घेणाऱ्याची होते, म्हणून तो जुना चमचा आता त्रायानचा. त्यानं तो धुतला, पुसला, क्षणभर हातात धरला. आबा दारातून बघत होते. त्रायाननं तो चुलीजवळच्या मडक्यात, सगळ्यांच्या चमच्यांत टाकला आणि झोपायला गेला.